न मोजलेला कोन

फेब्रुवारी लागला की आमच्या इंदिरानगरात घराघरांतले टीव्ही मुके होतात. ज्या घरात दहावी आहे तिथे कुकरसुद्धा शिट्टी द्यायला कचरतो. कोपऱ्याकोपऱ्यावर द्राक्षांच्या गाड्या लागतात, पहाटेची हवा अजून गार असते, आणि दुपारचं ऊन मात्र असं चावायला लागतं की थंडी गेल्याचं वेगळं कुणी सांगावं लागत नाही. या दिवसांत लोकांना म्हणे आपापल्या जुन्या परीक्षांची स्वप्नं पडतात. पेपर संपत आलाय आणि आपण अजून पहिल्याच पानावर आहोत, अशी. मला तसलं स्वप्न पडत नाही. मला राग येतो. चांगला खणखणीत, दहावीच्या वर्षीचा राग, आणि खरं सांगते, तो मला आवडतो. वर्षातून एकदा तो येतो, आठवडाभर मुक्काम करतो, त्या आठवड्यात घरातले लोक माझ्याशी जपून बोलतात.

यंदा त्याला निमित्त मिळालं प्रज्ञाचं. प्रज्ञा म्हणजे माझ्या भावाची मुलगी, यंदा दहावीला आहे. परवा संध्याकाळी भूमितीची वही घेऊन माझ्याकडे आली, पलंगावर पसरली, पुस्तकातल्या एका कोनावर तिनं कोन मोजायचं ॲप लावून मोबाइल धरला आणि म्हणाली, "आत्या, बघ. एकाहत्तर पॉइंट चार."

"बरं मग?"

"मग काय, आता हाच कोन खाली काढायचा."

"किती अंशांचा आहे ते विचारलंय का प्रश्नात?"

तिनं प्रश्न पुन्हा वाचला. "नाही. दिलेल्या कोनाएवढा कोन काढा म्हणतायत. कंपास आणि पट्टी वापरून."

"मग मोजलास कशाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, मोजल्याशिवाय कळणार कसं किती आहे ते?"

"कळायला कशाला हवं?" मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण स्वयंपाकघरातून माझ्या नवऱ्यानं डोकावून पाहिलं. तो बिचारा लगेच आत गेला. त्यालाही आता हा मोसम पाठ झालाय.

मी वही ओढून घेतली आणि तिला करून दाखवलं. कोनाच्या शिरोबिंदूवर कंपासचं टोक ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना छेदणारा एक कंस मारायचा. मग कंपास तसाच धरून, त्याचे पाय जराही न हलवता, नव्या रेषेवर तसाच कंस मारायचा. आता जुन्या कंसानं दोन बाजूंना जिथे छेदलंय, त्या दोन ठिकाणांमधलं अंतर कंपासच्या पायांत पकडायचं आणि नव्या कंसावर नेऊन ठेवायचं. खूण पडली की तिथून रेघ ओढायची. झाला कोन. इथला तिथे गेला, आणि इथलाही इथेच राहिला. एकाहत्तर की त्र्याहत्तर, कुणी विचारलंही नाही. प्रज्ञानं मोबाइल लावून पाहिलाच, पोरटी ऐकते थोडीच. तेवढाच निघाला. "भारी आहे," ती म्हणाली आणि पुढच्या गणिताकडे वळली. मी मात्र तिथेच अडकले.

माझ्या दहावीच्या वर्षी नाशिकला थंडी कडाक्याची पडली होती. आमची कॉलनी इंदिरानगरच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांची घरं, पुढे एकेक नळ आणि प्रत्येक नळापाशी एक तुळस किंवा एक मोगरा. पप्पा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचे, रात्रपाळी असली की दिवसा झोपायचे, म्हणून घरात पानं उलटायचीसुद्धा चोरी. मी आणि कॉलनीतली चार-सहा पोरं विहारात अभ्यासाला बसायचो. विहाराची फरशी पांढरी, आणि इतकी गार की पायमोज्यांतूनही हाडांपर्यंत पोचायची. अगरबत्तीचा वास असायचा, पहाटेच्या वंदनेत लावलेल्या मेणबत्त्यांच्या वितळलेल्या मेणाचा वास असायचा, आणि त्यात माझ्या नव्या कंपासपेटीचा पत्र्याचा आणि खोडरबराचा वास. फरशीवर वही ठेवली की कंपासचं टोक घसरतं. म्हणून मी वहीखाली आईची जुनी शाल घडी करून घ्यायचे. त्या शालीला त्या हिवाळ्यात इतकी भोकं पडली की पुढे ती कुणाच्या खांद्यावर घालायच्या लायकीची राहिली नाही.

बाकीच्या विषयांत मी बरी होते. गणितात मात्र माझं आणि बीजगणिताचं कधी जमलं नाही. समीकरणाच्या एका बाजूचं दुसरीकडे नेताना त्याचं चिन्ह बदलायचं, हे मला सारखं अन्यायाचं वाटायचं आणि मी ते विसरायचे. पण भूमिती माझी होती. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं: तिथे हाताला काम होतं, आणि हाताला जे कळतं ते तोंडानं घोकावं लागत नव्हतं. त्यातही कोन उचलून दुसरीकडे नेणं मला फार आवडायचं. त्रिकोणाच्या रचनांमध्ये मध्येच ही पायरी यायची. वर्गातली निम्मी पोरं ती कोनमापकानं हळूच मोजून उरकायची, उरलेली गुण्या सरकवून. मी कंपासनंच करायचे.

आणि केल्यावर सगळे कंस पुसून टाकायचे.

आता हे पुसणं कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. सातवी शिकलेली. निफाडकडच्या एका खेड्यातली. तिच्या गावच्या शाळेत तिला काय काय ऐकावं लागलं ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण आमच्या गणवेशाच्या कडक घडीवरून आम्हाला ते समजायचं. तिचा एक कायदा होता. आपल्या पोरांकडं बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. नखं कापलेली, रिबिनी धुतलेल्या, चपला पुसलेल्या. रोज संध्याकाळी ती आमच्या वह्या मांडीवर घ्यायची. लिहिलेलं तिला सगळं कळायचं असं नाही, पण पानावरून ती अंगठा फिरवायची. अंगठ्याला शिसं लागलं, कुठे खाडाखोड दिसली, की पान पुन्हा लिहायचं. "वही बघूनच मान्सं माप काढत्यात," म्हणायची. त्यामुळे रचना पूर्ण झाली की माझा पुसण्याचा विधी सुरू व्हायचा. आधी खोडरबर, मग फुंकर, मग रुमालाचं टोक. शेवटी पानावर एक सुबक त्रिकोण उरायचा, छापल्यासारखा. कुणाच्या हाताचा नसल्यासारखा. खालच्या वर्गांत मला त्याबद्दल शाबासकी मिळायची. सर दहावीत सांगायचे की रचनेच्या खुणा ठेवा, पण मला वाटायचं, ते गबाळ्या पोरांसाठी सांगतायत.

सहामाहीत मला त्या रचनेला शून्य मिळालं. बाजूला लाल शाईत दोन शब्द: मोजून काढले.

आमचे भूमितीचे निकम सर वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त रागवाल. ते देवळ्याचे. घरी कांद्याची शेती. त्या दिवसांत तिकडे उन्हाळ कांद्याची लागण चालू असायची, त्यामुळे शनिवारी दुपारी शाळा सुटली की सर देवळ्याची गाडी पकडायचे आणि सोमवारी वाकलेल्या कमरेनं वर्गात यायचे. वर्गात अगदी छापील बोलायचे, पण घरून फोन आला की एकदम गावचे व्हायचे. कधी कुणाला हात लावला नाही, कुणाला टाकून बोलले नाहीत. सगळ्यांना "बेटा" म्हणायचे. त्यांच्या हातून जे झालं ते सगळं या बेटा म्हणण्यातूनच झालं.

त्या काळी दहावीला बीजगणित-भूमितीच्या ऐवजी सामान्य गणित घ्यायची सोय होती. सोपं असायचं. ज्यांना गणितानं खरंच जेरीस आणलंय त्यांच्यासाठी ती चांगलीच सोय होती, मी नाही म्हणत नाही. पण ते घेतलं की सायन्सचं दार बंद, डिप्लोमाचं दार बंद. आमच्या शाळेला मात्र त्या सोयीचा वेगळाच उपयोग सापडला होता. शाळेला निकाल शंभर टक्के हवा होता. म्हणजे जे नापास होतील अशी शंका आहे त्यांना बोर्डाचे अर्ज भरायच्या आधीच कडेला घ्यायचं. सहामाहीनंतर सरांनी वर्गात नावं वाचली. उभी राहिलेली पोरं मी पाहिली. दोन-तीन सोडली तर सगळी आमच्या कॉलनीतली, संध्याकाळी विहाराच्या फरशीवर माझ्या शेजारी बसणारी. गंगापूर रोडला क्लास लावलेल्यांपैकी एकही नव्हतं, आणि त्यातल्या काहींना माझ्याहून कमी मार्क होते. ते क्लासनं सुधारतील असा हिशोब. आमच्या सुधारण्यावर कुणी पैज लावायला तयार नव्हतं.

"सुजाता, बेटा, सामान्य गणित घेऊन टाक," सर म्हणाले. "तुझ्या भल्याचं सांगतोय."

"सर, मला डिप्लोमा करायचाय."

"आधी पास तर हो. दगडापेक्षा वीट मऊ. आणि रचनासुद्धा तुला येत नाहीत. कोन मोजून काढलास."

"मी मोजला नाही, सर."

"मग कंस कुठे आहेत?"

"पुसले."

वर्ग खदखदून हसला. सरसुद्धा हसले, पण प्रेमानं. "कंस कोण पुसतं, बेटा?"

मला आता वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या अख्ख्या कॉलनीनं दिलं असतं. आम्ही पुसतो. आमच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही इतकं स्वच्छ पुसतो की शेवटी हे आम्ही केलंय यावरच कुणाचा विश्वास बसत नाही. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा फक्त कानशिलं तापली होती. मी म्हटलं, "मी फळ्यावर काढून दाखवते."

सरांनी शांतपणे फळ्यावर एक कोन काढला. चांगल्या हातभर लांब बाजूंचा. मग भिंतीवरचा लाकडी कंपास काढून माझ्या हातात दिला. जे मराठी शाळेत भूमिती शिकले त्यांना तो कंपास आठवत असेल. खडू अडकवायचा, हात दाबून गोल फिरवायचा. आमच्या शाळेतल्या कंपासचा वरचा खिळा ढिला होता. कंस मारायला लागले की त्याचे पाय हळूहळू फाकायचे, म्हणून कंस सुरू व्हायचा एका ठिकाणी आणि संपायचा भलतीकडेच. मी दोनदा काढला, दोनदा पुसला. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. सर म्हणाले, "राहू दे, बेटा. बस जागेवर."

हे "राहू दे" मी अजून विसरलेले नाही. मी बसले नाही. मी डाव्या वेणीची रिबीन ओढली.

शाळेत भर वर्गात केस सोडणं म्हणजे काय, ते आमच्या शाळेच्या मुलींनाच कळेल. वेणी उलगडत खांद्यावर आली. आईनं सकाळी तेल लावून, ओढून घातलेली वेणी. मी रिबिनीचं एक टोक कोनाच्या टोकावर डाव्या अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्या टोकाला खडू गुंडाळला आणि कंस मारला. रिबीन काही फाकत नाही. शेजारी नवी रेघ ओढली, तिच्यावर तसाच कंस मारला. मग जुन्या कंसावरच्या दोन खुणांमधलं अंतर रिबिनीवर दोन चिमटींत पकडलं, तशीच चिमटी धरून सरकले, आणि नव्या कंसावर खूण केली. हाताला घाम आला होता, चिमटी सुटेल की काय याची भीती वाटत होती. रेघ ओढली आणि मागे झाले.

"किती अंशांचा आहे?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही?"

"तुम्ही काढलाय तेवढा आहे."

मला उद्धटपणा करायचा नव्हता, पण तसं ऐकू गेलं असेल तर असो. सरांनी लाकडी कोनमापक घेतला. आधी त्यांचा कोन मोजला, मग माझा. मग पुन्हा त्यांचा. "हं," म्हणाले. "बस." आणि मी बसत असताना, तितक्याच मऊ आवाजात, "एका कोनानं पेपर सुटत नाही, बेटा. घरी सांग. पालकांची सही आण."

तेही खरंच होतं. एका कोनानं पेपर सुटत नाही.

आज माझं काम असं आहे की दिवसभर मी कोनच उचलत असते. अंबडला एका लहानशा फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढते. जिन्याचे कठडे, गेटं, पायऱ्या. संगणक दशांशाच्या मागे वाटेल तितके आकडे देतो, आणि तरीही जुन्या घराचा जिना असला की मी स्वतः जागेवर जाते. जुना जिना कधी कागदावरच्या उतारानं उतरत नाही. मी पुठ्ठा लावते, उतार पुठ्ठ्यावर घेते आणि तसाच कारखान्यात आणते. मागच्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका बंगल्याचे मालक माझ्या डोक्यावर उभे राहून विचारत होते, "मॅडम, पण डिग्री किती?" मी म्हटलं, "तुमच्या जिन्याएवढी." त्यांना ते आवडलं नाही. कठडा बसला तेव्हा मात्र बिल लगेच चुकतं केलं.

आकड्यांशी माझं वैर नाही, पोट त्यांच्यावरच भरतं. पण आपल्याकडे माणूस दिसला की आधी त्याला कोनमापक लावायची जी घाई असते, तिचा मला तिटकारा आहे. किती टक्के पडले? कुठल्या कॉलनीत राहता? आडनाव काय म्हणालात? एकदा आकडा कळला की बघायचं संपलं. आणि बाजू लांब असल्या की कोन मोठा दिसतो, हाही एक आपला पिढीजात गैरसमज. फळ्यावरचा हातभर लांबीचा कोन आणि माझ्या वहीतला बोटभर कोन एकच असू शकतो, हे सहावीतच शिकवतात. मोठेपणी ते लोक सोयीनं विसरतात. प्रज्ञाला मी हे सांगायला गेले तर म्हणाली, "आत्या, तू भूमिती शिकवतेयस की भाषण देतेयस?" मी म्हटलं, दोन्ही, गप्प बस.

तर त्या दिवशी मी घरी गेले ती एक वेणी सोडून. आई नळावर होती. तिची नजर आधी केसांवर गेली. मी सगळं सांगितलं. शून्य, नावं, रिबीन, सही. तिनं हात पुसले, मला पायरीवर बसवलं आणि वेणी घालायला घेतली. इतकी करकचून ओढली की डोळ्यांत पाणी आलं. ते ओढण्यानं आलं की आधीपासून थांबलेलं होतं, कोण जाणे.

"तुला काय पाहिजे?" तिनं मागूनच विचारलं.

"भूमिती."

"नापास झाली तं?"

"होईन कदाचित."

तिनं वेणीचा आणखी एक पेड घातला. नळ थेंबथेंब गळत होता. मग म्हणाली, "कंस का काय ते, पुसायचं नसतं व्हय?"

"नसतं."

"मंग मला का नाय सांगितलं कुनी?" या प्रश्नात इतका राग होता की मी मागे वळून पाहिलं. ती माझ्यावर रागावली नव्हती. इतकी वर्षं ती अंगठा फिरवून ज्या पानांची राखण करत होती, त्यांनीच तिला फसवलं होतं. त्या रात्री वही मांडीवर घेतली तेव्हा ती अंगठा पानाजवळ न्यायची आणि परत घ्यायची. शेवटी वही तशीच मिटून माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुझं घान," म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबून मी शालीवर वही ठेवून कंस मारत बसले. काळे कुळकुळीत.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीतूनच शाळेत आली. स्टार्चची साडी, चापूनचोपून. सर आम्हाला व्हरांड्यात भेटले.

"ताई, बरं झालं आलात. मुलगी हुशार आहे, पण गणित कच्चं आहे. सामान्य गणित घेतलं तर आरामात निघेल."

"पोरगी म्हनती तिला भूमिती पाहिजे."

"पोरं काय, काहीही म्हणतात. नापास झाली तर तिचं वर्ष जाईल. शिवाय शाळेचा निकाल..."

"निकाल शाळेचा हाय," आई म्हणाली. "वरीस तं तिचं हाय ना?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी तोंड फिरवून "इतली घाई काय शे? येस मी शनवारे," असं काहीतरी म्हणून तो बंद केला. वळले तेव्हा जरा ओशाळले होते, गावची अहिराणी आमच्यासमोर निघाली म्हणून. मला त्या क्षणी ते आवडले. मला वाटलं, यांनीही काहीतरी पुसलेलंच आहे.

"ताई, मी तिच्या भल्याचंच सांगतोय हो."

"सर, तुम्ही भले मानूस हाय, मी नाय म्हनत नाय. पन आमचं भलं आजवर लय लोकांनी ठरवलं. येक बार तिला ठरवू द्या." आणि तिनं हात जोडले. सही केली नाही. परत जाताना तिची चाल अशी होती की व्हरांड्यातली पोरं आपसूक बाजूला झाली. मी मात्र वर्गात जाऊन भूमितीची वही उघडली, कारण आता सुटका नव्हती. आता फक्त अभ्यास उरला होता.

त्या हिवाळ्याचं पुढचं मला सलग आठवत नाही. विहारातली फरशी आठवते. माझ्याबरोबर नाव वाचलेल्यांपैकी बाकीच्यांनी सामान्य गणित घेतलं आणि ते लवकर उठून घरी जायचे, ते आठवतं. ते कुठे चुकले असं मी म्हणत नाही. त्यांच्या घरी सही नाकारणारं कुणी नव्हतं इतकंच. संक्रांतीच्या तिळगुळाचा हात न धुता मी वही धरली आणि एका त्रिकोणाला तीळ चिकटला, तो तसाच ठेवला. आई आता अंगठा फिरवत नव्हती, पण झोपायच्या आधी विचारायची, "आज किती कंस मारले?" मी म्हणायचे, मोजले नाहीत. ती म्हणायची, बरं केलंस.

मार्चमध्ये पेपर झाले. भूमितीच्या पेपराला पंखा कुरकुरत होता, पेन्सिलीचं टोक घामानं बोटाला चिकटत होतं. मी रचना काढल्या आणि एकही खूण पुसली नाही. पान काय दिसत होतं! सगळीकडे कंसच कंस, एकमेकांना छेदणारे, कुठे कंपासच्या टोकाचं भोक. आयुष्यात इतकं गचाळ पान मी कुणाला दिलं नव्हतं आणि इतक्या ताठ मानेनंही दिलं नव्हतं. बीजगणिताच्या पेपरात मात्र समीकरणं माझ्या हातातून निसटली. एक चिन्ह चुकलं, मग त्याच्या मागोमाग सगळं चुकत गेलं, आणि घंटा झाली.

जूनमध्ये निकाल लागला. मी गणितात नापास झाले. बाकी सगळ्यात पास, गणितात नापास. शाळेचा शंभर टक्के निकाल हुकला, आणि तो हुकवणारी मी एकटीच होते. सामान्य गणितवाली सगळी पास झाली. कॉलनीत पेढे फिरले, आमच्या दारातही आले. शेजारच्या मावशी पेढा देताना म्हणाल्या, "सरांचं ऐकलं असतं तर आज..." आईनं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय." पप्पा पाळीवरून आले, डबा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पंखा लावू का?" त्या दिवशी मला इतकं प्रेमानं दुसरं कुणी बोललं नाही.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. खूप वाईट वाटलं. दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. पण त्या वाईट वाटण्यात पश्चात्ताप शोधून सापडत नव्हता, आणि मी खरंच शोधला. जे मला हवं होतं त्यात मी नापास झाले होते. नको होतं त्यात पास होऊन घरी पेढे आले असते तर मी ते कसे गिळले असते, ते मला आजही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "उठ. तोंड धू. शाळेत जायचं."

शाळेच्या ऑफिसच्या खिडकीपाशी गर्दी होती. सगळे पास झालेले, दाखले न्यायला आलेले. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. निकम सर व्हरांड्यातून आले, आम्हाला पाहून थबकले. मग मान खाली घालून आत गेले. आमची पाळी आली. खिडकीतल्या क्लार्कनं माझी गुणपत्रिका पाहिली आणि आवाज हळू केला, जसा दवाखान्यात करतात.

"ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसायचंय ना? बसा, बसा. पण एक करू, आता तरी सामान्य गणित भरू. मी विचारून घेतो, बदलून मिळेल. सुटून जाईल पोरगी."

आई माझ्याकडे वळली. "तिला इचारा."

मागे रांग होती. सगळ्यांना ऐकू जात होतं. एक क्षण, एकच क्षण, सुटून जावंसं वाटलं.

"बीजगणित आणि भूमिती," मी म्हटलं. "तेच."

क्लार्कनं चष्मा काढला. त्याला माझी खरंच कीव आली असावी. "ताई, तुम्ही तरी समजवा हिला. हट्टानं काय मिळणार? पुन्हा नापास झाली तर?"

आईनं गुणपत्रिका त्याच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"तं पुन्यांदा येऊ," ती म्हणाली. "खिडकी उघडी ठिवा."